चांद्याच्या नोंदी: शिळेपासून डिस्कपर्यंत

गेल्या मे महिन्यात एका दुपारी माझ्या टेबलावरची हार्ड डिस्क टिकटिकायला लागली. तीनदा टिक, मग शांतता, मग पुन्हा तीनदा टिक. चंद्रपुरातली मेमधली दुपार म्हणजे काय, हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको. कूलरमधले पाणी आटले असेल आणि त्याचाच आवाज असेल, असे वाटून मी आधी कूलर बंद केला. टिकटिक चालूच राहिली. मग संगणकाच्या पडद्यावरून त्या डिस्कचे नावच नाहीसे झाले.

डिस्क घेऊन गावातल्या दुकानात गेलो. तिथल्या मुलाने ती कानाशी धरली आणि म्हणाला, "सर, ही आवाज करून राहिली ना, म्हणजे गेली. काही महत्त्वाचं होतं का याच्यात?"

त्याच्यात काय होते ते सांगतो. मी महाविद्यालयात इतिहास शिकवला. सुट्या सापडतील तशा चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतले जुने कागद पाहत, त्यांची छायाचित्रे घेत फिरलो. बंदोबस्त मिसलींची पाने, निस्तार पत्रके, कोतवाल बुकांतल्या जन्ममृत्यूच्या नोंदी, पडक्या देवळांचे खांब, अशी नऊ हजारांवर छायाचित्रे. शिवाय धानोरा आणि एटापल्ली तालुक्यांतल्या वृद्ध माणसांची शंभरावर ध्वनिमुद्रणे, बहुतेक गोंडीतली, २००८ ते २०१० या काळातली. छायाचित्रे पुन्हा काढता येतील. ती माणसे आता नाहीत.

नवी डिस्क घ्यायचीच होती. मुलाने विचारले, "फास्ट पाहिजे की सेफ?" मी म्हटले, दोन्ही. तो हसला. दुकानदाराचे ते नेहमीचे हसणे असेल. पण घरी येताना माझ्या ध्यानात आले, की ज्या कागदांमागे मी आयुष्य घालवले त्यांच्या इतिहासात हाच प्रश्न वेगवेगळ्या रूपांत सारखा येत राहिला आहे. त्या दुपारपासून मी तो प्रश्न त्याच क्रमाने पाहत गेलो. हा लेख म्हणजे तेवढाच शोध आहे.

सुरुवात देवटेकपासून करतो. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीडच्या बाजूला हे लहानसे गाव आहे. तिथे सापडलेल्या एका मोठ्या शिळेवर दोन लेख आहेत. जुना लेख अशोककालीन ब्राह्मी अक्षरांत आहे. प्राण्यांना पकडण्यास व मारण्यास मनाई करणारी ती आज्ञा आहे आणि ती अशोकाच्या एखाद्या महामात्राची असावी, असे वा. वि. मिराशी यांनी मांडले. दुसरा लेख वाकाटक राजा पहिला रुद्रसेन याचा, म्हणजे इसवी सनाच्या चौथ्या शतकातला. चिकंबुरी येथे त्याने बांधलेल्या धर्मस्थानाचा त्यात उल्लेख आहे. मिराशींनी हे ठिकाण देवटेकजवळच्या चिकमारा गावाशी जुळवले. शिळा पुढे नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे आमच्या तोंडच्या 'अजब बंगल्या'त गेली.

दोन लेखांमध्ये साधारण सहाशे वर्षांचे अंतर आहे. दगडासारखे टिकाऊ साधन दुसरे नाही असे आपण धरून चालतो, आणि टिकण्याच्या बाबतीत ते खरेही आहे. पण सहाशे वर्षांनी आलेल्या राजाच्या कारागिराला ती शिळा म्हणजे हाताशी असलेला एक सपाट दगड होता. आधीची अक्षरे त्याला वाचता येत होती का, हे आपण कल्पनेवर सोडू. साधन टिकले, त्यावरच्या मजकुराचे महत्त्व टिकले नाही, आणि मजकुरावर मजकूर आला. घरच्या संगणकावर आपण रोज हेच करतो. (वाघांसाठी जगभर नाव झालेल्या जिल्ह्यातला सर्वांत जुना लेखी मजकूर प्राणी मारू नका असे सांगतो, याची मौज मला दर वेळी वाटते.)

दगडाचे आणखी एक अवघड म्हणजे त्याची नक्कल निघत नाही आणि तो हलत नाही. ताम्रपटाने यातली एक अडचण सोडवली. वरोरा तालुक्यातल्या वडगावला वाकाटक दुसरा प्रवरसेन याचे ताम्रपट सापडले आहेत. असे पत्रे एका कडीत ओवून कडीवर मुद्रा ठोकत, म्हणजे मधला एखादा पत्रा काढून दुसरा घालणे सोपे राहत नसे. दान मिळालेल्या माणसाने ते घरी ठेवायचे, पिढ्यान्पिढ्या. लिहायला दिवसचे दिवस, मावणार थोडे, पण सुरक्षित. वेगाची त्या काळी कुणाला घाईही नव्हती.

घाई आली ती राज्यकारभार कागदावर आला तेव्हा. १७५१ मध्ये चांद्याचे गोंड राज्य नागपूरकर भोसल्यांकडे गेले. पुढची शंभर वर्षे इथला हिशेब मोडीत लिहिला गेला आणि कापडी रुमालांत बांधून ठेवला गेला. मोडी हे वेगासाठी घडलेले लेखन. हात न उचलता ओळच्या ओळ जाते; र्‍हस्वदीर्घाची पत्रास नाही. लिहिणाऱ्याला जेवढी वेगवान, तेवढीच आज वाचणाऱ्याला जड. माझ्या जिल्ह्यात मोडी सफाईने वाचणारी माणसे मी बोटांवर मोजू शकतो. कागद शाबूत, शाई शाबूत, आणि मजकूर मात्र बंद पेटीत. याच गोष्टीवर पुढे मला पुन्हा यावे लागणार आहे.

१८५३ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि पुढच्या वर्षी चांदा हा इंग्रजी अमलातला जिल्हा झाला. मेजर ल्यूसी स्मिथ याने केलेल्या पहिल्या जमीन महसूल बंदोबस्ताचा अहवाल १८६९ चा आहे. या बंदोबस्ताने गावोगावचे पाटील आणि इजारेदार मालगुजार झाले. तो बरा की वाईट हा निराळा विषय. मला इथे एवढेच दाखवायचे आहे, की आपल्या भागातल्या सामान्य माणसाची, त्याच्या शेताची, त्याच्या गावच्या वहिवाटींची नोंद शेतागणिक, गावागणिक आणि पद्धतशीर ठेवण्याचे काम तेव्हापासून रुळले. शेताशेताचा खसरा, गावाचा नकाशा, आणि गावकऱ्यांचे रिवाज लिहून घेणारा वाजिब-उल-अर्ज. सरपणाला कुठल्या जंगलात जायचे, गुरे कुठे चारायची, नाल्याचे पाणी आधी कुणाच्या बांधीत जायचे, अशा गोष्टी कागदावर आल्या.

आणि या कागदांच्या ठेवणीत एक शहाणपण होते. त्याकडे इतिहासाच्या अभ्यासकांनी फारसे पाहिलेले नाही. जिल्ह्याच्या अभिलेखागारात एक प्रत असे, लाल कापडाच्या बस्त्यात बांधून, मांडणीवर गावाच्या नावाने लावलेली. ती सहसा हलत नसे. पटवाऱ्याकडे कामाची प्रत असे. तो ती पाठीवर घेऊन हिंडे, शेताच्या बांधावर उघडे, पावसात भिजवे, तिच्यावर खाडाखोड करी. गावात भांडण झाले तर उत्तर पटवाऱ्याच्या प्रतीत मिनिटात सापडे. अभिलेखागारातून नक्कल काढायला अर्ज, शुल्क, फेऱ्या, कधी महिना. एक प्रत वेगासाठी, एक सांभाळासाठी. पटवाऱ्याची प्रत फाटणार, हरवणार, हे गृहीतच होते. ती फाटली तर वरून पुन्हा उतरवून घ्यायची. दोन्ही गुण एकाच वस्तूत शोधण्याचा हट्ट त्या कारकुनांनी केला नाही.

व्यवस्था मोडली ती कागदामुळे नव्हे, सीमांमुळे. १९५१ च्या ३१ मार्चला मालगुजारी संपली. त्या वेळी चांदा मध्य प्रदेशात होता. १९५६ मध्ये तो मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात, आणि १९८२ च्या २६ ऑगस्टला त्यातून गडचिरोली निघाला. गाव जागच्या जागी. राजधानी नागपूर, मुंबई अशी सरकत गेली. धानोऱ्याच्या माणसाला आजोबाच्या वेळचा कागद हवा असेल तर आपला जिल्हा सोडून चंद्रपूर गाठावे लागे, आणि तिथून कुणीतरी नागपूरकडे बोट दाखवी. वाळवी, गळके छप्पर आणि बदली झालेला एकमेव जाणकार कारकून, या तिघांनी बाकीचे काम केले. नकलेचा कागद कुठे आहे हे माहीत नसणे म्हणजे तो नसण्यासारखेच.

या कागदांना अचानक किंमत आली ती २००८ मध्ये. वनहक्क कायदा २००६ चा. त्याचे नियम १ जानेवारी २००८ ला आले. नियम १३ मध्ये पुरावा म्हणून काय काय चालेल याची यादी आहे. त्यात गॅझेटियर, बंदोबस्ताची कागदपत्रे, नकाशे, वन विभागाच्या कार्य आयोजना आहेत. निस्तारासारखे पूर्वीचे सामूहिक हक्क आहेत. आणि दावेदार नसलेल्या वडीलधाऱ्या माणसांचा लेखी उतरवलेला जबाबही आहे. हे शेवटचे कलम वाचले तेव्हा मी खुर्चीतून उठलो होतो. दीडशे वर्षे कागद मागणाऱ्या सरकारने म्हाताऱ्या माणसाची आठवण पुराव्यात घेतली होती.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाची गोष्ट आता सर्वांना माहीत आहे. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्याबरोबर या गावाने वर्षानुवर्षे अभ्यासगट चालवले, निर्णय सर्वसहमतीने घेतले. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळालेल्या देशातल्या पहिल्या गावांत मेंढा होते. २०११ च्या एप्रिलमध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन बांबूच्या वाहतुकीचे पासबुक ग्रामसभेकडे दिले. या जिल्ह्यातला बांबू कित्येक दशके कागद गिरणीला जात होता, हे वाचकाने ध्यानात ठेवावे. ज्या कागदावर हक्क लिहिले जातात तो कागदच त्या जंगलातून निघे; फक्त लिहिण्याचा अधिकार तिथे नव्हता.

माझी गोष्ट मेंढ्याची नाही, त्याच तालुक्यातल्या एका लहान गावाची आहे. नाव लिहीत नाही. २००९ च्या पावसाळ्याआधी तिथल्या वनहक्क समितीने मला बोलावले. दाव्यासाठी जबाब लिहून घ्यायचे होते आणि गावातली सर्वांत म्हातारी बाई गोंडीशिवाय बोलत नव्हती. शाळेतले गुरुजी भाषांतर करणार, समितीचा सचिव लिहिणार, आणि मी माझे छोटे रेकॉर्डर लावून बसणार, असे ठरले. आजी मोहाच्या सावलीत बसली. चाळीस मिनिटे ती आपल्या गावाच्या शिवेवरून मनाने चालत गेली. कुठला नाला, त्या नाल्यावरचा कुठला दगड, कुठे पेनाची जागा, कुठल्या वर्षी कुठला कूप तोडला, नवरा कुठे अस्वलाच्या तावडीत सापडला. मध्ये तिने रेला धरला, दोनदा. सचिवाने लिहिलेला जबाब सहा ओळींचा झाला, खाली अंगठा. बाकी सगळे माझ्या रेकॉर्डरात.

संध्याकाळी गावातली दोन पोरे आली. त्यांना रेला हवा होता. तेव्हा तालुक्याच्या ठिकाणी मोबाइलच्या दुकानांत मेमरी कार्डात गाणी भरून देण्याचा धंदा जोरात होता. मी माझ्या लॅपटॉपवरून त्यांच्या कार्डात दोन गाणी उतरवून दिली आणि विसरून गेलो.

आता त्या टिकटिकणाऱ्या डिस्ककडे येतो, कारण तिच्यात काय बिघडले ते कळल्याशिवाय पुढची निवड कळणार नाही.

फिरत्या चकतीवर मजकूर ठेवण्याची कल्पना १९५६ ची. आयबीएमच्या रॅमॅक नावाच्या यंत्रात दोन फूट व्यासाच्या ५० चकत्या होत्या. सगळे धूड टनाहून जड, आणि त्यात मावत ५० लाख अक्षरे. आज एका बऱ्या छायाचित्रालाही ती जागा पुरणार नाही. त्याआधी मजकूर छिद्रांच्या कार्डांवर किंवा फितीवर असे आणि हवी ती नोंद गाठायला आधीच्या सगळ्या उलटाव्या लागत. चकतीमुळे कुठूनही कुठेही उडी मारता येऊ लागली. बस्ता सोडून पाने चाळत बसण्याऐवजी हव्या त्या पानावर थेट बोट. तत्त्व अजून तेच आहे. घरगुती डिस्कमधली चकती मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेऱ्या घेते आणि वाचणारे टोक तिच्यापासून केसाच्या जाडीच्या कित्येक पट कमी अंतरावर तरंगते. ते टोक जागा सापडत नाही म्हणून परत परत मुळाशी जाऊ लागले की टिकटिक ऐकू येते. नागपूरच्या एका जाणकाराने माझी डिस्क उघडून मजकुराचा साधारण दोन तृतीयांश भाग परत काढला. त्याने घेतलेल्या पैशात तीन नव्या डिस्क आल्या असत्या.

उन्हानेच ती गेली, असे मी महिनाभर सर्वांना सांगत होतो. मग वाचनात आले, की गूगलच्या तीन अभियंत्यांनी २००७ मध्ये लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास मांडला होता. त्यात उष्णता आणि बिघाड यांचे नाते लोक समजतात तेवढे घट्ट निघाले नाही. जुन्या डिस्क फार तापल्या तर गोष्ट वेगळी. आणखी एक गोष्ट अस्वस्थ करणारी होती. डिस्क स्वतःच्या प्रकृतीच्या ज्या खुणा नोंदवते, त्यातल्या ठळक खुणांपैकी एकही न दाखवता बंद पडलेल्या डिस्क निम्म्याहून जास्त होत्या. म्हणजे माझी दोनचार दिवस टिकटिकली, हे भाग्यच. मी तो इशारा ऐकला नाही.

पुण्याचा मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, आता फिरणाऱ्या डिस्क कोण घेतं? एसएसडी घ्या." बरोबर होते त्याचे. एसएसडीत फिरणारे काहीच नसते. मजकूर म्हणजे अतिसूक्ष्म कप्प्यांत अडकवलेला विद्युतभार. १९८० च्या दशकात तोशिबातल्या फुजिओ मासुओका यांनी शोधलेली ही फ्लॅश स्मृती मोबाइलात, पेन ड्राइव्हमध्ये, ताडोबात झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्याच्या कार्डात, सगळीकडे एकच आहे. फिरती डिस्क सेकंदाला दीडशे-दोनशे मेगाबाइट वाचते. साधी सॅटा जोडणीची एसएसडी साडेपाचशेच्या आसपास. मदरबोर्डवर थेट बसणारी एनव्हीएमई तीन हजारांच्या पुढे. पण खरा फरक लहान फायलींत कळतो. हजारो छायाचित्रांचे फोल्डर उघडले की फिरत्या डिस्कचे टोक एकेका चित्रासाठी इकडून तिकडे धावते. एसएसडीला धावायचे नसतेच. पूर्वी फोल्डर उघडायला टाकून मी चहा ठेवायला जात असे. आता चहा राहून जातो.

मग सगळेच एसएसडीवर का ठेवू नये? इथे आमचे हवामान आडवे येते. कप्प्यातला विद्युतभार माठातल्या पाण्यासारखा झिरपत राहतो. डिस्क जोडलेली असली आणि अधूनमधून वापरात राहिली, तर ती स्वतःच जुना मजकूर ताजा करत राहते. बंद करून कपाटात ठेवली की तिच्याकडे पाहणारे कुणी नाही. अशा वस्तूंची मानके ठरवणारी जेडेक नावाची संस्था आहे. तिच्या मानकाप्रमाणे घरगुती एसएसडी लिहून लिहून आयुष्याच्या अखेरीस आलेली असताना, वीज नसेल तर ३० अंश तापमानाला तिने एक वर्ष मजकूर टिकवावा, एवढीच अपेक्षा आहे. नवी एसएसडी याहून पुष्कळ जास्त टिकवते. पण उष्णता वाढली की मुदत घटते, हे दोन्हींना लागू. चंद्रपुरात मेमध्ये बंद घरातल्या लोखंडी कपाटाच्या आत ३० अंश कधी असतात, हे मला कुणी दाखवावे. निवांत जपून ठेवायची वस्तू म्हणून एसएसडी आमच्याकडे फार भरवशाची नाही. शिवाय ती गेली की टिकटिकत नाही, एकदम जाते. चुकून पुसलेली फाइल फिरत्या डिस्कवरून बरेचदा परत काढता येते. एसएसडी मोकळी झालेली जागा मागच्या मागे साफ करून ठेवते, त्यामुळे तिथे आशा जवळजवळ नाही.

इंटरनेटवर साठवावे, म्हणजे क्लाउडवर, असेही सगळे सुचवतात. चंद्रपूर शहरात ते जमेल. पण माझे निम्मे काम जिथे चालते त्या भागाचा विचार करा. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागड जगापासून तुटते. तिथल्या मित्राला मी "आठवड्याचे मुद्रण वर चढव" म्हणून सांगितले, तर तो माझ्याकडे दयेने पाहील. क्लाउड म्हणजे शेवटी दुसऱ्याच्या अभिलेखागारातली प्रत. असावी, पण एकुलती नसावी.

पीटर क्रॉग नावाच्या छायाचित्रकाराने सुमारे वीस वर्षांपूर्वी एक साधा हिशेब मांडला: तीन प्रती, दोन वेगळ्या जातींच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. संगणकवाले तो आता घोकतात. मला तो वाचताना पटवारी दिसला. कामाची प्रत पाठीवर, दुसरी जिल्ह्याला. फक्त आमच्या कारकुनांनी घोषवाक्य केले नाही.

सांभाळाचा याहून थरारक दाखला विदर्भातच आहे. म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या अखेरीस रिद्धपूरला चक्रधरस्वामींच्या लीळा मिळवून लिहून काढल्या. पंथाच्या परंपरेप्रमाणे पुढे दिल्लीच्या फौजांच्या धाडीत मूळ पोथी नाहीशी झाली. मग ज्यांना ती पाठ होती त्यांनी ती सांगितली. हिराइसेच्या स्मरणाचा पाठ त्यात मोठा मानला जातो. आज 'लीळाचरित्रा'चे जे पाठभेद दिसतात त्यांच्या मुळाशी हे आहे. एक साधन गेले, दुसऱ्या जातीचे साधन शिल्लक होते, ते म्हणजे माणूस. नंतर महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत घातले. मजकूर शेकडो वर्षे सुरक्षित राहिला, इतका सुरक्षित की विसाव्या शतकाच्या आरंभी किल्ली बाहेर येईपर्यंत मराठीचा आद्य गद्यग्रंथ मराठी वाचकालाच ठाऊक नव्हता. डिस्कला पासवर्ड घालणाऱ्या प्रत्येकाने हे आठवावे. माझा पासवर्ड फक्त मला ठाऊक होता आणि मी सत्तरीला टेकलो आहे. आता तो एका लिफाफ्यात बायकोच्या दागिन्यांच्या डब्यात आहे.

मोडीची गोष्ट अर्धी सोडली होती. परत मिळालेल्या दोन तृतीयांशात १९९८-९९ च्या माझ्या टिपणांच्या फायली धडधाकट निघाल्या. उघडल्या तर पडद्यावर नुसत्या खुणांची गिचमिड. त्या काळी मराठी टंकन करणारी प्रत्येक प्रणाली अक्षरांना स्वतःचे क्रमांक देई. तो फाँट नाही तर मजकूर नाही. युनिकोड १९९१ पासून होते, पण आमच्या टेबलापर्यंत यायला दहा-बारा वर्षे गेली. एका विद्यार्थ्याने खटपटीने तो फाँट मिळवला आणि रूपांतर केले. 'ऱ्य' आणि 'र्य' यांचा घोळ मी अजून निस्तरतो आहे. गोंडीची मसराम लिपी युनिकोडमध्ये आली ती २०१७ मध्ये, गुंजाळा गोंडी त्यानंतर वर्षाने. तोवर कुणी गोंडी मजकूर त्या लिपीत संगणकावर उतरवला असेल, तर तो कुठल्या फाँटात आणि तो फाँट कुणाकडे, हे शोधणे मोडी वाचण्याहून कठीण. वेगवान डिस्क, सुरक्षित डिस्क, दोन्ही घेऊन हा प्रश्न सुटत नाही.

आता आजीचे मुद्रण. परत मिळालेल्या फायलींत ते होते. चाळीसपैकी अकरा मिनिटे वाजतात. ती नाल्यापाशी पोहोचते, त्या दगडाचे नाव घेऊ लागते आणि तिथे करकर सुरू होते. पुढे काही नाही.

मी दिवाळीआधी त्या गावी गेलो. ग्रामसभेच्या पत्र्याच्या पेटीत दाव्याच्या संचिकेची प्रत होती. सहा ओळींचा जबाब, निळी शाई, अंगठा. त्यात शिवेवरच्या चार खुणा आहेत आणि त्या दगडाचे नावही आहे, सचिवाने ऐकले तसे देवनागरीत. अस्वल त्यात नाही, कूप तोडल्याची वर्षे नाहीत, आजीचा आवाज नाही. रेल्याचे विचारले तेव्हा तेव्हाच्या दोन पोरांपैकी एकाचा धाकटा भाऊ म्हणाला, ते तर आहे. कार्डावरून कार्डावर, फोनवरून फोनवर फिरत गाणी आजूबाजूच्या चार-पाच गावांत गेली होती. त्याने लावले. आवाज पातळ झाला होता, पण दोन्ही रेले पूर्ण होते. ज्याची मी मुद्दाम एकच प्रत जपली ते गेले, आणि जे सहज वाटून टाकले ते उरले.

माझी सध्याची मांडणी अशी आहे. संगणकात काम करायला एनव्हीएमई एसएसडी. विजेच्या धक्क्यासाठी यूपीएस, कारण इकडच्या पावसाळी विजा मॉडेमपासून दूरदर्शन संचापर्यंत काहीही जाळतात. दोन फिरत्या डिस्क, वेगवेगळ्या कंपन्यांच्या आणि वेगवेगळ्या महिन्यांत घेतलेल्या, म्हणजे एकाच घाण्यातला दोष दोघींत नको. एक घरी, एक पुण्याला मुलाकडे. दर दिवाळीत त्या अदलाबदल होतात आणि मी सगळ्या फायली मोजतो. जुने लेखक पोथीच्या शेवटी बत्तीस अक्षरांच्या हिशेबाने ग्रंथसंख्या लिहीत, नक्कल पुरी उतरली की नाही ते कळावे म्हणून. संगणकात हेच काम एक छोटी आज्ञावली करते. लिप्यंतरे कागदावर छापून घेतो.

त्या गावासाठी मी पेन ड्राइव्ह नेला होता. जबाबाचे छायाचित्र, अकरा मिनिटे आणि त्या परिसरातली आणखी नऊ मुद्रणे त्यात होती. पेटीत ठेवा, म्हटले. तो मुलगा पेन ड्राइव्ह हातात फिरवत म्हणाला, "सर, पेटीत ठेवून कोण ऐकणार? कार्डातच टाकून द्या ना." सोबत आणखी तिघांनी फोन पुढे केले. लॅपटॉपची बॅटरी संपेपर्यंत मी सात कार्डे भरली.